जिभेवर, हातावर आणि मधे उभी असलेली मुलगी

प्रिय मावशी,

वसईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी गेली सतरा वर्षं रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. पोटापाण्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, हे काम फक्त चर्चसाठी. यंदा पहिल्या कम्युनियनची, म्हणजे प्रभूचं शरीर मानलेली भाकर चर्चमध्ये पहिल्यांदाच घेणारी, एकतीस मुलं माझ्याकडे आहेत. ईस्टरनंतर त्यांचा सोहळा आहे.

नव्या सिस्टर आल्यापासून पाठांतर बंद झालंय. पाठ करून श्रद्धा येत नाही, मुलांना अनुभव हवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चित्रं, गिटार, वर्कशीट. कम्युनियन सगळ्यांनी हातावरच घ्यायचं, रांग एकसारखी दिसली पाहिजे, असंही त्यांनी पालकसभेत सांगून टाकलं. दुसरीकडे आखातातून परत आलेले एक पालक आणि त्यांच्यामागची पाच-सहा घरं. मुलांनी गुडघे टेकून जिभेवरच घ्यायला हवं, हातावर घेणं हा प्रभूचा अपमान, असं ते म्हणतात. इंटरनेटवरून त्यांनी बाल्टिमोर कॅटेकिझम हे जुनं अमेरिकन धर्मशिक्षणाचं पुस्तक छापून आणलंय. तेच शिकवा, थोडं लॅटिनही शिकवा, नाहीतर मुलं काढून घरी शिकवतो, अशी भाषा आहे. प्रमुख धर्मगुरू म्हणतात, ‘तुम्ही आपसात बघून घ्या.’

गेल्या रविवारी तालीम होती. एका मुलीने हात पुढे केले आणि ती एकदम रडायलाच लागली. हाताने घेतलं तर पाप लागतं, असं आजीने सांगितलंय. मागून सिस्टर म्हणत होत्या, ‘हात वर, हात वर.’ मला काय बोलावं ते सुचेना. मी स्वतः आजीसारखीच वाढलेय, पण सिस्टरही चुकीच्या वाटत नाहीत. राजीनामा लिहून वहीत ठेवलाय. देऊ का?

– एक टीचर, वसई

प्रिय टीचर,

राजीनामा वहीतच राहू द्या. मुलांचं कम्युनियन होऊ दे, मग पावसाळ्यात हवा तर काढून वाचा. तुम्ही आत्ता निघालात तर भांडणारे काही गप्प बसणार नाहीत. मुलांसमोरचा ओळखीचा चेहरा तेवढा जाईल.

पत्रात भांडण मोठं आहे, पण माझ्या मनातून दोन दिवस गेली नाही ती शेवटची गोष्ट: पुढे केलेले दोन हात आणि फुटलेलं रडू. आठ-नऊ वर्षांची पोर. तिच्या डोक्यात त्या घटकेला प्रभू नव्हताच. समोर आजी होती, पाठीमागे सिस्टर. म्हणून आधी तिचं बघू, पोप आणि परिषदा नंतर.

येत्या रविवारी वर्गाआधी तिला बाजूला घ्या. ‘आजीचं ऐकू नकोस’ हे वाक्य मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. आजी खोटं सांगत नाहीये. तिच्या लहानपणी लोक वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, जीभ पुढे करायचे आणि होस्ट, म्हणजे ती पवित्र पातळ भाकर, दातांना लागू नये म्हणून जपायचे. फादरांच्या अभिषिक्त हाताशिवाय त्याला कोणी शिवायचं नाही, हे तिच्या मनावर इतकं पक्कं बसलंय की आजही रांगेतले पसरलेले तळवे बघून तिला कसंसंच होत असेल. मुलीला सांगा: आजी प्रभूला फार जपते, म्हणून तसं म्हणते. चर्च दोन्ही रीतींना हो म्हणतं. तुला कशी घ्यायची ते तू आणि आई-बाबा मिळून ठरवा आणि मला येऊन सांगा. कशीही घेतलीस तरी पाप नाही. आणि ‘आमेन’ जरा मोठ्याने म्हण, मला मागच्या बाकावर ऐकू आलं पाहिजे.

मग एखाद्या संध्याकाळी आजीच्या घरी जा. तिला तिच्या स्वतःच्या पहिल्या कम्युनियनबद्दल विचारा. आदल्या मध्यरात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपेपर्यंत भोवळ येतेय, अशी हकिगत ती सांगेल असा माझा अंदाज आहे. तो उपास 1957 मध्ये पोप पायस बारावे यांनी तीन तासांवर आणला आणि 1964 मध्ये पॉल सहावे यांनी एका तासावर. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. फादर वेदीकडे तोंड करून उभे असायचे, ते लोकांकडे वळले. आजीने हे सगळं पचवलं आहे, तेही तुमच्या पालकसभेपेक्षा बऱ्याच कमी आवाजात. हातावरचं तेवढं घशाखाली उतरलं नाही, कारण ते समजावून सांगायला तिच्या ओसरीवर कोणी आलंच नसेल. तुम्ही जा.

आता कागदावरचं सांगते, कारण दोन्ही बाजूंना कागद लागणार आहे. रोमच्या उपासनाविषयक खात्याने 2004 मध्ये ‘रेदेम्प्सियोनिस साक्रामेंतुम’ नावाची सूचना काढली. तिचे 91 आणि 92 हे परिच्छेद छापून पर्समध्ये ठेवा. कोणी गुडघे टेकतो किंवा उभा राहतो, एवढ्याच कारणावरून त्याला कम्युनियन नाकारता येत नाही. जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येक श्रद्धावंताला कायम आहे. जिथे बिशपांच्या परिषदेने रोमच्या संमतीने परवानगी दिली आहे तिथे हातावर मागणाऱ्याला हातावर द्यायचं, आणि आपल्याकडे ती परवानगी आहे. तेव्हा रांग एकसारखी दिसण्यासाठी मुलांवर सक्ती करण्याचा अधिकार सिस्टरना नाही. तसंच चर्चने स्वतः दिलेल्या रीतीला अपमान म्हणण्याचा अधिकार त्या पालकांनाही नाही.

सिस्टरांची बाजू घेऊन एक सांगते. कोविडनंतर चर्च उघडली तेव्हा बऱ्याच ठिकाणी फक्त हातावरच देत होते. तुमच्या वर्गातली मुलं तेव्हा चार-चार वर्षांची. त्यांनी डोळ्यांनी दुसरं फारसं पाहिलेलंच नाही, म्हणून हातावर हे त्यांना सोपं जातं. तालीम घेणाऱ्याला सोपं तेच हवं असतं, मी घेतल्यात तालमी. एका पोराच्या टाळूला कोरा होस्ट चिकटला की बाकीचे वीस खिदळतात आणि अर्धा तास गेला.

त्या पालकांसाठीही माझ्याकडे एक गोष्ट आहे, जरा गोड बोलून सांगा. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना दिलेली प्रवचनं संत सिरिल यांच्या नावावर आहेत. त्यांत कम्युनियन कसं घ्यायचं ते सांगितलंय: डावा हात उजव्याचं सिंहासन कर, कारण तो राजाला घेणार आहे. तळवा खोलगट कर. एक कणही सांडू देऊ नकोस. कोणी सोन्याची पूड हातावर ठेवली असती तर किती जपली असतीस? जिभेवरची रीत पश्चिमेकडे पक्की झाली ती नवव्या शतकाच्या आसपास. म्हणजे ज्या रीतीला ते आधुनिक म्हणतात ती जुनी, आणि जिला सनातन म्हणतात तीही हजार वर्षांहून जुनीच.

सोन्याची पूड वर्गात करून बघा. प्रत्येकाच्या तळव्यावर चिमूटभर बारीक मीठ ठेवा आणि वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावा. मुलं श्वास रोखून चालतील. सिस्टरना त्यांचा ‘अनुभव’ मिळेल, त्या आखातवाल्या बाबांना त्यांचा आदर दिसेल आणि मीठ काही महाग नाही.

वयाचीही एक गंमत आहे. सात-आठ वर्षांच्या पोरांना कम्युनियन देणं हेच एकेकाळी नवं होतं. कुठे दहा, कुठे बारा, कुठे चौदा वर्षं होईपर्यंत मुलांना थांबवलं जायचं. 1910 मध्ये पोप पायस दहावे यांनी ‘क्वाम सिंग्युलारी’ हा आदेश काढून वय साधारण सातावर आणलं, आणि साधी भाकर व प्रभूचं शरीर यांतला फरक मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे कळला की पुरे, असं ठरवलं. परंपरेचा झेंडा घेतलेल्या मंडळींचे हे अगदी लाडके पोप. तुमच्या वर्गात ती पोरं चौथीत असताना बसली आहेत तीच मुळी त्यांच्या सुधारणेमुळे. हे त्या बाबांना चारचौघांत ऐकवू नका. एकटे भेटतील तेव्हा सांगा, त्यांना आवडेलसुद्धा.

पाठांतराचं मात्र मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण इथे मी निम्मी सिस्टरांच्या विरुद्ध आहे आणि निम्मी स्वतःच्या.

पाढे पाठ केल्याने गणित येत नाही हे खरं, पण पाढे नसलेल्या मुलाचं गणित दर पायरीला अडखळतं हे तुम्हाला शाळेत रोज दिसत असेल. प्रार्थनेचं तसंच आहे. शब्द आधी तोंडात बसतात, अर्थ सवडीने येतो, कधी वीस वर्षांनी येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 च्या ‘कातेकेसी त्रादेंदे’ या पत्रात स्मरणशक्ती वगळून चाललेल्या धर्मशिक्षणाला वाळवंट म्हटलंय, श्रद्धा-भक्तीची फुलं तिथे उगवत नाहीत असं. सिस्टरना ते पत्र दाखवा. त्यांनी ते शिकताना वाचलेलंच असेल, नोकरीच्या गडबडीत विसरल्या असतील.

पण मी स्वतः काय केलं तेही सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याही वर्गात तीसेक मुलं होती आणि माझा नियम होता की मोठा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची लांब कबुली, न अडखळता म्हटल्याशिवाय मी नाव पुढे पाठवणार नाही. एक मुलगा होता, बागायतदाराचा. पहाटे बापाबरोबर वेलीची पानं खुडून वर्गात यायचा, नखांत हिरवं. दर वेळी तो ‘पोंतियुस पिलात’पाशी येऊन थांबायचा. तिसऱ्या रविवारी मी त्याला सगळ्यांदेखत व्हरांड्यात उभं केलं आणि म्हटलं, पाठ झालं की आत ये. तो आत आलाच नाही. कम्युनियन त्याने पुढच्या वर्षी दुसऱ्या टीचरकडून घेतलं. आज तो रविवारी बायको-मुलांना मिस्साला सोडतो आणि बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो. मला दिसला की उठून ‘टीचर’ म्हणतो, नमस्कार करतो, परत बसतो. त्याला मी विचारलेलं नाही आणि तोही कधी काही बोललेला नाही.

तेव्हा पाठांतर ठेवा, व्हरांडा काढा. तीस मुलांनी एका सुरात म्हटलं की अडखळणारा त्यात वाहून जातो आणि आपसूक शिकतो. घरात संध्याकाळी जपमाळ म्हणतात तेव्हा तीन वर्षांचं पोर असंच शिकतं, त्याची कोणी परीक्षा घेत नाही. वर्गाच्या सुरुवातीला जपमाळेचं एकच दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, म्हणा. ते झाल्यावर सिस्टरांची गिटार वाजू दे खुशाल. दशकातल्या रहस्याचं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातल्या ज्या प्रसंगाचं तेव्हा चिंतन करतात त्याचं, चित्र काढायला दिलंत तर वर्कशीटही झालं. आणि प्रकाशाची रहस्ये (जपमाळेत नव्याने आलेले प्रसंग) घ्यायची की नाही यावरून वाद निघाला, तो निघतोच, तर सांगा की ती 2002 मध्ये आली आणि घ्यायची की नाही ते पोपनीच ज्याच्या त्याच्यावर सोडलंय.

आता बाल्टिमोर. ते प्रश्नोत्तरांचं पुस्तक वाईट नाही, नेटकं आहे. अमेरिकेतल्या बिशपांनी तिथल्या मुलांसाठी 1885 मध्ये काढलं. पण वसईच्या मुलांना आपली परंपरा म्हणून बाल्टिमोर द्यायचं म्हणजे घरची सुकेळी टाकून डब्यातलं फळ आणण्यासारखं झालं. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले आणि गोव्यातल्याच साष्टीत त्यांनी आयुष्य काढलं. त्यांचं प्रश्नोत्तरांचं धर्मशिक्षण त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये, तिथल्याच राशोलला कोंकणीत छापलं गेलं. तेही पोर्तुगीज पुस्तकावर बेतलेलं आहे, पण ते आणलं इथल्या लोकांच्या जिभेवर. त्याआधी 1616 मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त मराठी ओव्या. त्याची सुरुवातच तुमच्या वर्गासारखी आहे: नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग मन रमवायला आमच्या भाषेत दुसरं काही देणार की नाही? पाद्री त्याला प्रश्नोत्तरं देऊन गप्प करत नाही, पुराण सांगायला बसतो. त्या बाबांना म्हणा, परंपराच हवी असेल तर यातल्या वीस ओव्या निवडून आणा, चालही लावून आणा, मी एक रविवार तुम्हाला देते. माणूस कामाला लागला की आवाज आपोआप खाली येतो. आणि नाही आणल्या तर तेही कळेल.

लॅटिनचं ऐकून दचकू नका. ज्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, मराठीची वाट मोकळी केली तिच्याच 1963 च्या उपासनेवरील दस्तऐवजात लिहिलंय की मिस्सामधले लोकांच्या वाट्याचे भाग लोकांना लॅटिनमध्येही म्हणता किंवा गाता यावेत अशी व्यवस्था करावी. तेव्हा मुलांना ‘सांक्तुस’ (‘पवित्र, पवित्र’ हे मिस्सातलं गीत) लॅटिनमध्ये शिकवलंत तर बंड होत नाही. परिषदेआधीची जुनी लॅटिन मिस्सा ही वेगळी गोष्ट. जुलै 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिचा निर्णय बिशपांच्या हाती दिला, त्यामुळे तो तुमच्या वर्गाचा प्रश्नच नाही. बाबा तिकडे वळले की सरळ बिशप हाउसचा रस्ता दाखवा.

मुलं घरी शिकवण्याची धमकी मला धमकी वाटत नाही. चर्चच्या 1983 च्या कायद्यात, कलम 914 मध्ये, पहिल्या कम्युनियनच्या तयारीची जबाबदारी आधी आई-वडिलांवर टाकली आहे आणि त्यांच्याबरोबर धर्मगुरूंवर. घरी शिकवतायत? उत्तम, बाकीच्या पंचवीस घरांनाही सांगा. पण मूल तयार झालंय का ते बघायचं काम धर्मगुरूंचं, ते त्यांना चुकत नाही आणि पालकांनाही टाळता येत नाही. शिवाय कम्युनियन हे एकट्याने ताट वाढून घेण्याचं जेवण नाही. ज्यांच्याबरोबर रांगेत उभं राहायचं त्या तीस जणांची नावं तरी मुलाला माहीत हवीत. त्यासाठी रविवारी पाठवा म्हणा.

आणि तुमचे प्रमुख धर्मगुरू. ‘आपसात बघून घ्या’ म्हणतात, यात मला फादरांचा थकवा दिसतो, तीन मिस्सा आणि दोन अंत्यविधी झालेल्या माणसाचा. तरी हे त्यांचंच काम आहे. तुम्ही आणि सिस्टर दोघी मिळून जा, एकट्या जाऊ नका, नाहीतर ती चुगली ठरेल. फार मागू नका. रविवारच्या मिस्सानंतर सूचना वाचतात ना, त्यांत दोन ओळी मागा: पहिलं कम्युनियन घेणारी मुलं हातावर किंवा जिभेवर, उभं राहून किंवा गुडघे टेकून घेऊ शकतात, पालकांनी मुलांशी बोलून टीचरला कळवावं. फादरांच्या तोंडून आलं की तिढा सुटेल, सिस्टरांनाही माघार घेतल्यासारखं वाटणार नाही. नव्या जागी आलेल्या बाईला पहिल्याच वर्षी सभेत बोललेला शब्द मागे घ्यायला लावणं मला बरं दिसत नाही.

मग तालीम दोन्ही रीतींनी घ्या, सगळ्या एकतीस जणांची. गुडघे टेकणारं मूल मागच्याला दिसत नाही आणि मागचा त्याच्यावर धडकतो, हे तालमीतच झालेलं बरं. मधे दीड हाताचं अंतर ठेवायला शिकवा. उभं राहून घेणाऱ्याने आधी मान लववायची, हातावर घेणाऱ्याने तिथेच, फादरांसमोर, तोंडात घालायचं, हातात धरून चालायला लागायचं नाही. जिभेवर घेणाऱ्याने जीभ नीट पुढे करायची. मुलं लाजून टोक तेवढं काढतात आणि होस्ट सटकतो. फ्रॉकचे लांब हातमोजे नकोत म्हणून आयांना आत्ताच सांगा, दरवर्षी कोणीतरी घालून आणतंच.

आणि जिभेवर घेणाऱ्यांच्या हनुवटीखाली धरायची थाळी सॅक्रिस्टीत (चर्चमधल्या पूजासाहित्याच्या खोलीत) आहे का ते आधी बघून या. आमच्याकडे होती, पण दांडा मोडलेला, आणि ते आम्हाला सोहळ्याच्या सकाळी कळलं.

– तुमची मावशी